मदत हवी आहे : शाळा चालू असताना सहल, पण गणिताचं काय करावं?

मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. शाळेचे ६ दिवस बुडणार. रजेचा अर्ज ३ आठवडे आधी, तारखा आणि खरं कारण लिहून द्यायचं ठरलंय. 'ताप आला' वगैरे नाही; परतल्यावर पहिल्याच मधल्या सुट्टीत मुलं सगळं सांगून टाकतात! त्या दिवसांत चाचणी, प्रात्यक्षिक किंवा प्रकल्प जमा करायची तारीख येत नाही, हेही पाहून घेतलंय.

धाकट्याला रोज १५ मिनिटं वाचन पुरे. अडचण मोठीची. इतिहास-भूगोलाचे धडे वाचून भरून निघतात, पण गणितात नेमकी भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज सुरू होणार. छेद समान करणं कच्चं राहिलं की वजाबाकी आणि पुढची समीकरणंही अडतात. मैत्रिणीच्या वहीचे फोटो मागवले तर उत्तरं मिळतात, फळ्यावरचं समजावणं मिळत नाही.

हा भाग निघण्याआधी घरी शिकवावा की परतल्यावर? आधी शिकवला आणि वर्गात लसावि काढायची रीत वेगळी निघाली, तर गोंधळ होतो का? प्रवासात रोज ५ उदाहरणं झेपतात की तेवढीही नाहीत? आणि परतल्यावर शाळेआधी एक दिवस मोकळा ठेवावा का?