रॉकेटच्या बॉडी ट्यूबला भोक पडलंय, नीट कसं बुजवू?

डॅलसकर:
लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला एस्टीज कंपनीचं बिग बर्था, म्हणजे जोडून उडवायच्या मॉडेल रॉकेटचं किट आणलं. दोन रविवार खपून दोघांनी पंख, इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा भाग), शॉक कॉर्ड (नोज कोन ट्यूबला बांधून ठेवणारी दोरी) सगळं बसवलं. काल रंगाच्या पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावली आणि मी ती कागदी बॉडी ट्यूबवरच कटरने कापली. पातं आत गेलं, टेप ओढली तर कागदाचा तुकडाच घेऊन निघाली. नोज कोनच्या (टोकदार नाकाच्या) बाजूच्या तोंडापासून १० सेमीवर, साधारण १२ बाय ५ मिमीचं भोक आहे. ती रडली नाही, "बाबा, आता हे उडणार नाही का?" एवढंच विचारलं. तेव्हापासून चैन नाही. वरून वूड फिलर भरून रंग मारला तर चालेल का? शनिवारी उडवायचं ठरलंय.

बाल्सा:
दादा, उडेल, पण नुसता फिलर भरू नका. तुमची ट्यूब बीटी-६० मापाची, तिची भिंत जेमतेम अर्धा मिमी. एवढ्याशा कडेवर फिलर धरणार कशावर? वाळला की निखळेल. शिवाय हा पॅराशूटचा कप्पा आहे. इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर काढायला इंजिनातच असलेली दारू) पेटला की आतल्या दाबानेच नोज कोन बाहेर फेकला जातो. तो दाब भोकातून निसटेल आणि गरम वायूने कडाही जळतील. हेच भोक खाली, इंजिन माउंटच्या दोन रिंगांच्या मधे असतं तर मी इतकं सांगितलं नसतं.

आतून ठिगळ लावा. आधी फाटके धागे कापून भोक लंबगोल करा आणि कडेला पातळ सुपरग्लूचा थेंब फिरवा, कागद टणक होतो. जुन्या बीटी-६० चा ३ बाय २ सेमी तुकडा घ्या, त्याला आयताच तसाच बाक असतो. कडा पॉलिश पेपरने घासून पातळ करा, नाहीतर पॅराशूट तिथे अडकेल. मधोमध सुईने दोरा ओवा, आतल्या बाजूला गाठ मारा, डिंक लावा, दोरा भोकातून बाहेर काढून ठिगळ आत सोडा आणि दोरा ओढा. ठिगळ भिंतीला घट्ट बसतं. दोरा बाहेर आडव्या पेन्सिलीला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी दोरा कापा, भोकाच्या मापाचा कागद खाचेत चिकटवा, मग पातळ केलेला फिलर, २२० चा पेपर, ४०० चा पेपर, प्रायमर. हे काम मुलीच्या हातून करून घ्या.

ओहायोची ताई:
डिंक पांढराच घ्या. पिवळा वूड ग्लू लगेच पकडतो, ठिगळ सरकवायला वेळच मिळत नाही, आणि जास्त झाला तर वाळताना आकसून ट्यूबला खळगा पडतो. मला एकदा अख्खी ट्यूब बदलावी लागली होती. ठिगळाच्या वजनाची काळजी नको, ते नोज कोनच्या बाजूला आहे; शेपटीकडे वजन वाढलं असतं तर स्थिरता तपासून घ्या म्हटलं असतं. उडवण्याआधी पॅराशूटखाली वॅडिंग (गरम वायूपासून वाचवणारा, सहज पेट न घेणारा कागद) विसरू नका.

डॅलसकर:
ठिगळ बसलं. दोरा तिनेच ओढला, पेन्सिलही तिनेच धरली. शनिवारी बी६-४ इंजिन लावून उडवलं, पॅराशूट पूर्ण उघडलं. घरी येऊन आत टॉर्च मारून पाहिलं: ठिगळाच्या कडेला थोडी काजळी, पण कागद कुठेही सुटलेला नाही. पट्टा अजून रंगवायचाय. या वेळी टेप आधी काचेवर कापून मग ट्यूबवर लावणार.