सिगरेट कशी ओढता? अनुभव लिहा

किती ओढता हे सगळे विचारतात, कशी ओढता हे कोणीच विचारत नाही. मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. झुरका केवढा घेता, धूर आत किती वेळ धरता, थोटकापर्यंत ओढता की अर्ध्यावर विझवता, पहिली कधी पेटवता. ओढणारे, सोडलेले, दुसऱ्याचा धूर खाणारे, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, तो पाकिटावर छापलेला असतोच.

धूमकेतू
मी लाइट सिगरेटवर गेलो तेव्हा केवढा सुधारलो असं वाटायचं. पण तलफ काही भागेना म्हणून झुरके लांब झाले, धूर आत जास्त धरायला लागलो, आणि मग कळलं की फिल्टरच्या कडेने जी बारीक भोकं असतात ना (उजेडाकडे धरलं की ठिपक्यांची रांग दिसते), तिथून हवा आत येऊन धूर पातळ होतो, लाइटपणा तो एवढाच, आणि माझी दोन बोटं बरोब्बर त्याच भोकांवर असायची. म्हणजे कडक सिगरेटच ओढत होतो, फक्त पाकिटाचा रंग फिका.

नळकांडं
धूमकेतू, अगदी हेच. धूर मोजायच्या मशीनवर मी काम केलंय. जुन्या पद्धतीत मशीन मिनिटाला एक झुरका घेतं, ३५ मिलीचा, दोन सेकंदांत, आणि भोकं उघडीच. असं शिस्तीत ओढणारा माणूस मी तरी पाहिला नाही. कॅनडाची कडक पद्धत आहे त्यात झुरका ५५ मिलीचा, दर ३० सेकंदांनी, आणि भोकांवर टेप. तीच सिगरेट, पण टारचा (धुरातल्या चिकट काळ्या राळेचा) आकडा असा काही चढतो की बघत राहावं. लाइट, माइल्ड असे शब्द पाकिटावर छापायला युरोपात २००३ पासून आणि अमेरिकेत २०१० पासून बंदी आहे ती उगाच नाही. अजून एक, शेवटचे झुरके सगळ्यात वाईट. आधीच्या धुरातलं टार पुढच्या तंबाखूत अडकून बसलेलं असतं, निखारा तिथे पोचला की तेही आत जातं.

अर्धं_पाकीट
मी निम्म्या केल्या. सिगरेट सोडण्याच्या क्लिनिकमध्ये नळीत फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड बघतात, तर आकडा जेमतेम खाली. मला वाटलं मशीन बिघडलंय. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, दादा, कमी केल्यात पण प्रत्येक पार पिळून काढताय, शरीर आपला निकोटिनचा कोटा वसूल करतंच.

नळकांडं
@अर्धं_पाकीट त्या बरोबर बोलल्या, पण शेवटची कधी ओढली होतीस तेही बघ. रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, दारात थोटूक टाकून आत गेलास तर आकडा चढाच येणार. सवय बघायची तर कोटिनिन बघावं, ते निकोटिनपासूनच बनतं आणि दिवसभर तरी अंगात राहतं.

भल्यापहाटे
कोटिनिनवरून आठवलं. डोळा उघडला की अंथरुणातच पेटवणारा मी. सोबतचा मित्र दिवसाला माझ्याएवढ्याच ओढायचा पण पहिली दुपारी. आकडा सारखा म्हणून आम्ही एकाच नावेत असं समजायचो. पण उठल्यावर अर्ध्या तासात पेटवणाऱ्यांच्या अंगात, तेवढ्याच सिगरेटी असूनही, कोटिनिन जास्त सापडतं, कारण रात्रभराचा उपास सोडताना माणूस अधाशासारखा ओढतो. मी तर पहिले झुरके मोजून नाही, गिळूनच घ्यायचो.

खिडकीतली
मी ओढत नाही, आमचे हे ओढतात. खिडकीशी उभे राहतात आणि सगळा धूर बाहेर जातो म्हणतात. तोंडातून सोडलेला जातही असेल हो, पण दोन झुरक्यांच्या मध्ये हातातली जी नुसती धुमसत असते त्याचं काय? तो धूर फिल्टरमधून जातच नाही, आणि तेव्हा आच कमी म्हणून जळणं अर्धवट, त्यामुळे त्यात काही विषारी पदार्थ उलट जास्तच असतात. ह्यांची सवय एक झुरका आणि पाच मिनिटं फोनवर गप्पा. म्हणजे यांच्या सिगरेटीचा मोठा भाग आम्हीच ओढतो, मी आणि लेक. पडद्यांचा वास तर धुऊनही जात नाही.

कधीमधी
मी दिवसाला एकच ओढतो, तीही हळूहळू, आत फारशी न घेता. माझं गणित वेगळं असेल ना?

नळकांडं
फुप्फुसाच्या कॅन्सरपुरतं थोडंफार वेगळं, तिथे रोज किती आणि किती वर्षं दोन्ही धरतात. हृदयाचं गणित सरळ नाही. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१८ मध्ये आला, त्यात वीस ओढणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा जो जादा धोका असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका रोज एक ओढणाऱ्यालाही निघाला. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. रक्त चिकट व्हायला आणि रक्तवाहिन्या बिथरायला थोडा धूरही पुरतो.

कधीमधी
हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.