चित्रात हेतू दिसायला हवा
लहान मुलांची नैतिक समज तपासायला एकच चित्र दाखवून ‘बरोबर की चूक?’ विचारावं, असं सुचवलं जातं. पण एका चित्रात नुकसान दिसतं, हेतू कुठे दिसतो? बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांसमोर ठेवलेल्या प्रसंगांत एकाकडून नकळत १५ कप फुटतात, दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एकच. लहान मुलं पंधरावाल्यालाच जास्त दोषी धरतात. १९८० मध्ये संशोधक शॅरन नेल्सन यांनी हेतू पात्राच्या डोक्यावरच्या फुग्यात काढला, तेव्हा ३ वर्षांची मुलंही तो लक्षात घेताना दिसली.

तेव्हा हेतू, कृती, परिणाम अशा तीन चौकटी काढाच. चेहरे शक्यतो कोरे. रागीट भुवया दिसल्या की मूल भुवयांवरूनच निकाल देऊ शकतं. आणि निवाड्याआधी गोष्ट त्याच्याच तोंडून वदवून घ्या. सांगता आली नाही, तर तो प्रश्न गुणांत धरूच नका.