तळाला भोक असलेली फुलदाणी?

नखभर_आरसा:
मंडळी, मदत हवी आहे. मी इंग्लंडात राहते. रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात एक चीज उचलली. लांबी १४ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. वर जाळीकामाचा पेला, खाली शिंपल्याची मूठ. पेल्याला दोन साखळ्या, एकीच्या टोकाला अंगठी, दुसरीच्या टोकाला जाड टाचणी. आणि बाहेरच्या अंगाला नखाएवढा आरसा! विकणाऱ्या बाई ‘टसी-मसी’ म्हणाल्या. नवरा म्हणतो तेलाचं नरसाळं आहे. फुलं ठेवायची म्हटलं तर तळाला भोक, पाणी राहणार कसं? चांदीची आहे का हे कसं ओळखू?

जुनंपुराणं:
नवऱ्याला सांगा, नरसाळ्याला कोणी आरसा लावत नाही :)
टसी-मसी हा मुळात छोट्या गुच्छाचा शब्द. संग्राहक आता तो गुच्छ हातात धरायच्या होल्डरलाही तेच म्हणतात.

ठोकाठोकी:
ताई, चांदीकाम दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यात असे पाच-सहा हातांखालून गेले. व्हिक्टोरियन काळात नाचाच्या समारंभाला बायका हातात गुच्छ घेऊन जायच्या. आता विचार करा: पांढरे हातमोजे, ओले देठ आणि वर नाचायचं. तुमच्या वस्तूचा प्रत्येक भाग याच अडचणीतून आलाय. देठांना ओलं शेवाळ गुंडाळून पेल्यात बसवायचे, म्हणून भरलेलं पाणी लागतच नाही. पेल्याला समोरासमोर दोन भोकं असतील बघा. टाचणी एका भोकातून घालून देठांच्या आरपार दुसऱ्यातून काढायची, की गुच्छ हलत नाही. अंगठी बोटात. नाचताना सोडून दिलं तरी साखळीला लोंबत राहतं. काहींची मूठ कळ सरकवली की तीन पायांत उघडते आणि टेबलावर उभी राहते. मला हे सगळ्यात आवडतं, एकाची स्प्रिंग बसवताना बोट कापलं होतं तरीही. आरशाचं म्हणाल तर मान न वळवता मागे कोण आहे ते दिसायचं. बाकी तुम्ही समजून घ्या.

चांदीसाठी पेल्याची कड भिंगातून बघा. चालणाऱ्या सिंहाचा ठसा असेल तर स्टर्लिंग, म्हणजे १००० भागांत ९२५ चांदी. सोबत नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची.

एक विनंती, उजळपावडर लावू नका आणि पाण्यात बुडवू नका. मूठ बहुतेक आत चिकटवलेली असते, ती सुटते.

कायदेपंडित_नाही:
मूठ नक्की शिंपल्याचीच ना? हस्तिदंत असेल तर पुढे विकताना पंचाईत. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून मोजके अपवाद सोडता बंदी आहे, वस्तू जुनी असली तरी. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडात काळपट ठिपके.

नखभर_आरसा:
शिंपलाच आहे, उन्हात हिरवा-गुलाबी चमकतो. सिंह नाही, नांगरही नाही :( पण आत शंकरपाळ्यासारखी चौकट आहे, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, वर वर्तुळात रोमन १.

ठोकाठोकी:
अहो, मग रडता कशाला! ती डिझाइन नोंदणीची खूण आहे, १८४२ ते १८८३ पर्यंत चालली. रोमन १ म्हणजे धातूचा वर्ग. वर्तुळाच्या लगेच खालच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर १८६७ पर्यंतची. तिथे आकडा आणि उजव्या कोपऱ्यात अक्षर असेल तर १८६८ नंतरची. चांदी नसेल, सोन्याचं पाणी दिलेलं पितळ असेल. पण काळ कळला की नाही?

नखभर_आरसा:
वर आकडा, उजवीकडे अक्षर! भोकंही सापडली. आत्ताच बागेतली चार व्हायोलेट खोचून बघितली, टाचणीने खरंच हलत नाहीत. नवरा आरशात मागचा दरवाजा बघतोय.