बाहेर पडलं तरी बिल येतंच

कोणीतरी म्हटलंय की काउंटी (अमेरिकेतला जिल्हा) अनेक काउंट्यांच्या सामायिक रेल्वे-बस व्यवस्थेतून बाहेर पडली की लोकांचा टॅक्स वाचतो. वाचतो हो, पण किती वर्षं? सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातली सॅन मटेओ काउंटी बघा. १९६१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सुपरवायझर्सनी (काउंटीचे निवडून आलेले कारभारी) बार्टमधून, म्हणजे बे एरियाच्या सामायिक मेट्रो रेल्वेतून, अंग काढलं, कारण काय तर खर्च फार आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची लोकल आहेच की आपल्याकडे. मग टॅक्सचा पाया आटला म्हणून १९६२ मध्ये शेजारच्या मरीन काउंटीलाही बाहेर पडावं लागलं (गोल्डन गेट ब्रिजवरून ट्रेन झेपेल का हा वाद होताच), राहिल्या तीनच काउंट्या. मरीनमध्ये आजही बार्ट नाही.

गंमत पुढे आहे. २००३ मध्ये बार्ट सॅन मटेओतल्या एसएफओ विमानतळ आणि मिलब्रे गावापर्यंत आली तेव्हा सॅन मटेओलाच पैसे मोजावे लागले, वर अपेक्षेपेक्षा पॅसेंजर कमी निघाले तर तो तोटाही त्यांच्याच सॅमट्रान्सच्या (काउंटीची बससेवा) गळ्यात, २००७ पर्यंत भांडण चाललं. आणि एवढं करून बार्टच्या बोर्डावर त्यांचा निवडून दिलेला एकही माणूस नाही. म्हणजे पैसे भरा आणि गप्प बसा! तरी कॅलट्रेन (तीच जुनी सदर्न पॅसिफिकची लोकल, नव्या नावानं) होती म्हणून निभावलं. तुमच्या काउंटीकडे अशी दुसरी ट्रेन आहे का, ते आधी विचारा, बाहेर पडायचं ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये.