लढायांच्या बातम्या आणि आपलं 'आमेन'

शरणपूरकर: जय ख्रिस्त. रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी एका आंटींनी मोबाइल पुढे केला. "बघ, गाझातून आलेली रॉकेटं इस्रायल हवेतच फोडतंय. देव आपल्या प्रजेला राखतो." काळंनिळं आकाश, उजेडाच्या रेघा. माझा मुलगा डोकावून म्हणाला, "आजी, हा आर्मा ३ गेम आहे." तोवर प्रार्थना गटात चौघांनी 'आमेन' लिहून तो पुढे ढकलला होता.

गेम ओळखला नाही म्हणून काही बिघडत नाही, मीही फसलोय. पण आमेन म्हणजे 'तसं होवो'. काय होवो? त्याच गाझात होली फॅमिली चर्च आहे. १७ जुलै २०२५ ला इस्रायली तोफगोळा लागून तिथे तिघं गेली. आपल्या गटात त्या दिवशी वाढदिवसाचे केक होते. पुष्कळ जण करतात म्हणून वाईटाच्या मागे जाऊ नको, असं निर्गम २३:२ सांगतं. ते पुष्कळ जण म्हणजे बाहेरचं जग, असं आपण सोयीने धरतो. आपला गटही त्यातच आला की! म्हणून आधी पारखू, मग आमेन.

गोदाकाठचा: पारख पारख करत तुम्ही तळ्यात-मळ्यातच राहता. लोकमत म्हणजे दर वेळी येशूऐवजी 'बरब्बाला सोडा' ओरडणारा जमाव नव्हे. नाव शरणपूरकर लावता ना? अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम पोरं नाशिकच्या त्या शरणपुरात शिकली, कारण इंग्लंडात साध्या माणसांनी गुलामगिरीविरुद्ध अर्जांवर सह्या केल्या, गुलामांच्या घामाची साखर सोडली. १८०७ आणि १८३३ चे कायदे त्या रेट्याने झाले. इथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन लंडनला पोचला. ती माणसं 'थांबा, आधी पारखू' म्हणत बसली असती तर?

नाशिकरोडची: मी कॅथलिक, तरी मध्ये बोलते. २००३ मध्ये इराकवर जायला बहुतेक अमेरिकन तयार होते, त्यात चर्चला जाणारेही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल पिओ लागींना राष्ट्राध्यक्ष बुशकडे पाठवलं, युद्ध नको म्हणून. ऐकलं नाही. ज्या महासंहारक अस्त्रांच्या नावाने युद्ध झालं ती काही सापडली नाहीत, आणि २०१४ मध्ये इराकातल्याच मोसुलमध्ये आयसिसने ख्रिस्ती घरांवर 'नून' हे अरबी अक्षर रंगवलं, 'नसरानी' म्हणजे ख्रिस्ती अशी खूण म्हणून. नेसत्या वस्त्रांनिशी निघाले बिचारे.

गोदाकाठचा: ताई, पोप म्हणाले म्हणून मानायचं, तेही कुणाच्या तरी मागे जाणंच झालं. आणि २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला त्यात पारखायचं काय होतं? मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, युद्धाच्या बाजूने बोलतच होते, धर्माच्याच भाषेत.

शरणपूरकर: युक्रेनचं मान्य, तिथे लोकांना लगेच दिसलं ते बरोबरच होतं. साखरेचंही मान्य. पण त्यांनी साखर आपल्या कपातली सोडली हो. आमेन लिहायला आपलं काय जातं? अंगठा तेवढा हलतो.

गोदाकाठचा: बरं. ज्या आंटींवर एवढं लिहिलंत, त्यांच्याशी बोललात का?

शरणपूरकर: नाही. उद्या जातो.