सेफ्टी रेझर नव्याने वापरताना गळा सोलवटतो आणि फेस टिकत नाही

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. आजोबांचा पितळी सेफ्टी रेझर माळ्यावरच्या पेटीत सापडला आणि तीन आठवड्यांपासून मी त्यानेच दाढी करतो आहे. त्याआधी आठ वर्षे कार्ट्रिजचा रेझर वापरला. गाल बऱ्यापैकी साफ होतात, पण हनुवटीखाली हमखास कापते आणि संध्याकाळपर्यंत गळ्यावर लाल पुरळ उठते. दुसरी अडचण फेसाची आहे. घरी बोअरचे पाणी असल्यामुळे ब्रश कितीही घोटला तरी एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसून जातो. पाते बदलूनही फरक पडला नाही. आजोबांनी आयुष्यभर वापरलेली ही वस्तू पुन्हा पेटीत ठेवण्याची माझी इच्छा नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

पाते बदलून फरक पडत नसेल, तर कारण बहुधा हाताच्या सवयीत आहे. कार्ट्रिजचे डोके चेहऱ्याप्रमाणे वळते, त्यामुळे कोन तेच सांभाळते आणि आपल्याला दाबण्याची सवय लागते. सेफ्टी रेझरचे डोके मात्र स्थिर असते. सेफ्टी रेझरचे संशोधक किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत ज्या रेझरचे पेटंट मिळाले, त्याची सगळी भिस्त पातळ पात्याच्या धारेवर होती आणि आपल्या रेझरचे तत्त्वही तेच आहे. रेझरचे स्वतःचे वजन पुरेसे असते. हाताने फक्त दिशा द्यायची.

कोन असा शोधावा: दांडी गालाला काटकोनात धरून डोक्याचा वरचा भाग गालावर टेकवावा आणि पाते केसांना जेमतेम लागेपर्यंत दांडी हळूहळू खाली आणावी. हा कोन साधारण तीस अंशांचा भरतो. दांडी शेवटाजवळ दोन-तीन बोटांनीच धरावी, म्हणजे दाबायचे म्हटले तरी फारसे दाबता येत नाही. कोन साधला की खुंट कापले जाताना बारीक करकर ऐकू येते. आवाज बंद झाला की कोन सुटला असे समजावे.

गळ्याचे गणित वेगळे आहे. तिथले केस सगळे खाली वाढत नाहीत. काहींचे आडवे, काहींचे थेट वर वाढतात. दोन दिवस दाढी न करता बोट फिरवून पाहावे, ज्या बाजूने गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा. पहिले दोन महिने गळ्यावर केवळ त्याच दिशेने हात चालवावा. सलूनमध्ये ज्याला उलटा हात म्हणतात, तो गळ्यावर इतक्यात मारू नये. आणखी एक, रेझर जुना असल्याने पाते बसवल्यावर त्याची कड दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर दिसते का, हे उजेडात धरून तपासावे.

उत्तर (भुसावळ)

वरील सल्ला अचूक आहे. मी फक्त पाण्याबद्दल लिहितो. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात, त्यामुळे साबण फेसाऐवजी त्यातच खर्ची पडतो. पाणी उकळल्यावर भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, म्हणजे काही क्षार निघून जातात, पण सगळे जात नाहीत. फेसापुरते वाटीभर आरओचे पाणी कोमट करून घ्यावे. ब्रश त्यात भिजवून, झटकून, साबणावर मिनिटभर फिरवावा आणि मग थेंब थेंब पाणी घालत दह्यासारखा दाट, चकाकणारा फेस करावा. मोठे बुडबुडे दिसणारा फेस पोकळ असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली फेस फार लवकर सुकतो, तेव्हा तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा.

उत्तर (चोपडा)

दाढीनंतर थंड पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी फिरवावी. ती जिथे जास्त झोंबेल तिथे हात जड पडला आहे. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात साठवावीत. कचऱ्यात सुटी टाकल्यास घंटागाडीवर काम करणाऱ्यांचे हात कापतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस वर वाढतात, हे मला बोट फिरवल्यावर प्रथमच कळले. आज त्या बाजूने खालून वर, अजिबात न दाबता हात चालवला आणि आरओच्या पाण्याचा फेस शेवटपर्यंत टिकला. हनुवटीखाली एक लहानसा काप गेला. तुरटी नेमकी तिथेच झोंबली. गळ्यावर मात्र संध्याकाळचे सात वाजले तरी पुरळ नाही.